माइनस्वीपर: एक्स्पर्ट सुटत नाही, नेमकं कुठे अडतंय?

कोपरखळी (सोमवार, रात्री ११:१२)

नमस्कार मंडळी. माइनस्वीपर खेळणारं इथे अजून कुणी उरलंय का? उरलं असेल तर पुढचं वाचा, नाहीतर पाककृती विभागात आज कोथिंबीरवडीवर जोरात भांडण चालू आहे, तिकडे जा.

बिगिनर हसत खेळत सुटतं. इंटरमिजिएट (१६ बाय १६, ४० सुरुंग) लोकलमध्ये उभ्या उभ्या होतं. एक्स्पर्टला आलं की मात्र माझं घोडं पेंड खातं. ३० बाय १६, म्हणजे ४८० घरं आणि त्यात ९९ सुरुंग. (कधीच न खेळलेल्यांसाठी: उघडलेल्या घरातला आकडा त्याला लागून असलेल्या घरांत किती सुरुंग आहेत ते सांगतो. सुरुंग वाटतो त्या बंद घरावर झेंडा लावता येतो. सुरुंग उघडला की डाव संपला, बाकी सगळी घरं उघडली की जिंकलात.) बरेच डाव पहिल्या दोनचार क्लिकमध्येच उडतात. जे वाचतात ते मध्येच असे अडकतात की कुठल्याच आकड्यावरून काही निघत नाही. मग मी अंदाजपंचे मारतो आणि धडाम.

प्रश्न असे: सुरुवात कुठून करावी? झेंडे लावावेत की नाही? अंदाज मारायची वेळ आलीच तर काय बघून मारावा? की हा शेवटी नशिबाचाच खेळ आहे?

घरच्यांचं मत "फोन ठेव" असं आहे. ते सोडून बाकी सगळे सल्ले चालतील.

रटाळ (सोमवार, रात्री ११:२०)

घरच्यांशी सहमत.

तात्या_कराडकर (सोमवार, रात्री ११:३१)

आरं बाबा, कुठल्या काळातली आठवण काढलीस! विंडोज ९८ आणि एक्स्पीच्या जमान्यात आमच्या हापिसात हाच एक राजमान्य खेळ होता. सॉलिटेअर उघडलेलं लांबनं ओळखू यायचं, हिरवंगार. ह्याची करडी खिडकी मात्र सायबाला दारातनं एखादं गंभीर सॉफ्टवेअर वाटायची. त्यात वरचा पिवळा चेहरा! क्लिक दाबून धरली की आ वासायचा, जिंकलं की गॉगल घालायचा. मला आजतागायत सुरुंग कसे शोधायचे ते कळलेलं नाही, मी आकडे न बघताच खेळायचो. गॉगल दोनदा बघितला असंल.

बाराखडी (सोमवार, रात्री ११:४४)

तात्या, आकडे न बघता? __/\__

आमच्या एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये सर सांगायचे, डावी आणि उजवी क्लिक हाताला बसावी म्हणून हा गेम विंडोजमध्ये घातलाय. खरंखोटं ठाऊक नाही, पण उजवी क्लिक मी इथेच शिकले.

चिंचगुळ (मंगळवार, सकाळी ७:५०)

चला, कामाचं बोलू. कोपरखळी, तुम्ही बहुतेक प्रत्येक आकडा सुटा सुटा वाचताय. इंटरमिजिएटला ते खपतं, कारण तिथे दर सहा-सात घरांत एक सुरुंग असतो. एक्स्पर्टला पाचांत एक. तिथे आकडे जोडीने वाचावे लागतात.

एका ओळीत उघडे आकडे आणि त्यांच्या खाली बंद घरांची सलग रांग, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. वरच्या बाजूला सगळं उघडं.

भिंतीला लागून १ १ आले तर भिंतीपासूनचं तिसरं बंद घर सुरक्षित. कारण पहिला १ फक्त पहिल्या दोन घरांना शिवतो, म्हणजे सुरुंग त्या दोनांत आहे. दुसरा १ त्याच दोघांना आणि तिसऱ्याला शिवतो. त्याचा एक सुरुंग आधीच भागला.

भिंतीला लागून १ २ आले तर तेच तिसरं घर सुरुंग. हे तर भिंतीशिवायही चालतं: १ आणि २ शेजारी असतील तर २च्या पलीकडच्या बाजूचं घर सुरुंगच. दोघांच्या सामाईक दोन घरांत एकापेक्षा जास्त बसू शकत नाही, तेवढंच १ला झेपतं. मग २चा उरलेला पलीकडे.

ह्यातूनच पुढचे दोन निघतात. १ २ १ असेल तर सुरुंग दोन्ही १च्या खाली, २च्या खालचं घर मोकळं. १ २ २ १ असेल तर सुरुंग दोन्ही २च्या खाली. हे दोन पाठच करा, दर वेळी मांडत बसू नका.

कोपरखळी (मंगळवार, सकाळी ८:२५)

चिंचगुळताई, १ २ १ माहीत होतं, पण ते का चालतं हे आज कळलं. एक शंका: हे नमुने पुस्तकात सापडतात, चौकटीत फार कमी दिसतात. मला नेहमी ३ ४ २ असलं काहीतरी दिसतं.

चिंचगुळ (मंगळवार, सकाळी ८:४१)

हाच तर मुद्दा! वजाबाकी करायची. एखाद्या आकड्याला शिवणारे जे सुरुंग पक्के ठरलेत ते त्यातून काढून टाका आणि उरलेला आकडा वाचा. ३च्या वरच्या बाजूला दोन झेंडे असतील तर तो तुमच्यासाठी १ आहे. ४ला दोन शिवत असतील तर तो २. शेवटच्या २ला एक शिवतोय, तोही १. झालं तुमच्या ३ ४ २चं १ २ १.

एक्स्पर्टमधले निम्मे "अडकलो" इथेच सुटतात. छापील आकडा बघायचाच नाही, उरलेला बघायचा.

रटाळ (मंगळवार, सकाळी ९:०२)

इतकी वजाबाकी येत असती तर मी क्रेडिट कार्ड घेतलं नसतं.

गणितवेडा (मंगळवार, दुपारी १:१५)

सुरुवात कुठून, ह्यावर थोडं गणित. बहुतेक आवृत्त्यांत पहिली क्लिक सुरक्षित असते. पण नुसतं सुरक्षित असून भागत नाही, आपल्याला ० हवा, म्हणजे आजूबाजूचं आपोआप उघडतं. ०साठी सगळे शेजारी मोकळे हवेत. कोपऱ्यातल्या घराला शेजारी तीनच, कडेच्या घराला पाच, मधल्याला आठ. ९९ सुरुंग उरलेल्या ४७९ घरांत आहेत असं धरून गुणाकार केला तर ० मिळण्याची शक्यता कोपऱ्यात जवळपास ५० टक्के, कडेला ३१, मध्ये १५-१६.

तुमचे डाव दोनचार क्लिकमध्ये उडतात, कारण पहिली क्लिक मध्ये करून १ किंवा २ मिळत असणार आणि दुसरीपासून जुगार सुरू होत असणार. कोपऱ्यात मारा.

एक गंमत: विंडोजच्या जुन्या आवृत्तीत पहिल्याच क्लिकला सुरुंग लागला तर तो गुपचूप उचलून डाव्या वरच्या कोपऱ्यात ठेवला जायचा. तिथे आधीच असेल तर त्याच्या पुढच्या रिकाम्या घरात.

लगबग (मंगळवार, दुपारी १:५८)

कोपरा वगैरे ठीक आहे, पण कोपऱ्यात मिळालेला ० बहुधा चिमुकला उघडतो. चार-सहा घरं उघडतात आणि पुढे भिंत. मध्ये ० लागला तर चारी दिशांना पसरायला जागा असते. मी वेळेसाठी खेळतो, त्यामुळे मध्येच मारतो. उडालं तर उडालं, नवा डाव मांडायला एक सेकंद लागतो.

गणितवेडा (मंगळवार, दुपारी २:१०)

लगबग, तुमचं बरोबर आहे, पण तुमच्या खेळासाठी. तुम्हाला एक जलद डाव हवाय, वाटेत कितीही मेले तरी चालतात. कोपरखळींना हाती घेतलेला डाव पूर्ण करायचाय. उद्देश वेगळा, सल्ला वेगळा.

लगबग (मंगळवार, दुपारी २:१४)

मान्य. पण मध्यात मारण्याची मजा वेगळीच, हे नोंदवून ठेवतो.

मधली_सुट्टी (मंगळवार, दुपारी ३:३०)

झेंड्यांचं कुणी बोललंच नाही. मी एकही झेंडा लावत नाही. जिंकण्यासाठी सगळी सुरक्षित घरं उघडायची असतात, सुरुंगांवर झेंडे लावायची सक्ती कुठेच नाही. झेंडा म्हणजे फुकटची क्लिक.

चिंचगुळ (मंगळवार, दुपारी ४:०५)

मधली_सुट्टी, तुम्ही मुरलेल्या दिसता. नवख्याला मात्र मी झेंडे लावायलाच सांगेन, दोन कारणांनी. पहिलं म्हणजे वर सांगितलेली वजाबाकी डोळ्यांना सोपी जाते. दुसरं म्हणजे कॉर्डिंग: आकड्याभोवती तितके झेंडे लागले की त्या आकड्यावर दोन्ही बटणं एकदम दाबायची, उरलेले सगळे शेजारी एका झटक्यात उघडतात. काही आवृत्त्यांत मधलं बटण, फोनवर बहुतेक ठिकाणी नुसता आकड्यावर टॅप. झेंड्याची एक क्लिक खर्ची घालून कधी कधी पाच वाचतात.

धोका एवढाच की झेंडा चुकीचा असेल तर कॉर्डिंग तुम्हाला थेट सुरुंगावर नेतं. "असावा बहुतेक" म्हणून झेंडा रोवायचा नाही.

लगबग (मंगळवार, दुपारी ४:२२)

वेगवान खेळणाऱ्यांत दोन्ही पंथ आहेत. थ्रीबीव्ही नावाचं एक माप असतं, म्हणजे झेंड्यांशिवाय ती चौकट सोडवायला कमीत कमी किती डाव्या क्लिक लागतील. झेंडे न लावता त्या संख्येच्या खाली जाताच येत नाही. कॉर्डिंग नीट वापरलं तर जाता येतं. म्हणून झेंडेवालेही मागे नाहीत. जगातले अव्वल खेळाडू एक्स्पर्ट ४० सेकंदांच्या आत काढतात.

तात्या_कराडकर (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

४० सेकंद? मला तेवढ्यात चष्मा सापडत न्हाई.

खिडकीची_सीट (मंगळवार, संध्याकाळी ७:४५)

आता गुपित फोडतो. जुन्या विंडोजमध्ये (एक्स्पीपर्यंत तरी नक्की) गेम उघडून एक्सवायझेडझेडवाय टाइप करायचं, मग शिफ्ट धरून एंटर. त्यानंतर डेस्कटॉपच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका, अक्षरशः एक पिक्सेल, रंग बदलायचा. माउस सुरक्षित घरावर असेल तर पांढरा, सुरुंगावर असेल तर काळा. मागचा वॉलपेपर एकरंगी ठेवला की स्वच्छ दिसायचा. आमच्या सायबर कॅफेत एका दादाने ह्या जोरावर फार मोठं नाव कमावलं होतं.

बाराखडी (मंगळवार, संध्याकाळी ७:५२)

म्हणजे तो दादा मॉनिटरला नाक लावून बसायचा ते ह्यासाठी! मला वाटायचं नंबर वाढलाय.

मधली_सुट्टी (मंगळवार, रात्री ८:२०)

अवांतर: विंडोज व्हिस्टामध्ये सुरुंगांऐवजी फुलं दिसतील असा पर्याय होता, आठवतो का? भूसुरुंगांमुळे खरोखर माणसं मरतात त्या देशांत हा खेळ बोचतो, अशी तक्रार होती, त्यातून आला. तेव्हा मला ते अतीच वाटलं होतं.

कंदी_पेढा (मंगळवार, रात्री ९:१५)

माझे चुलते फौजेत होते. २००१-०२च्या ऑपरेशन पराक्रममध्ये पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले आणि मग ते काढावेही लागले, तेव्हा ते तिकडे होते. सुट्टीवर आले की मी संगणकावर हा खेळ खेळताना मागे उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "सळई जमिनीत तिरकी घालायची असते, तीस अंशांत. सरळ वरून दाबली की संपलं." आणि मग म्हणाले, "तुझ्याकडे आकडे तरी लिहून येतात."

त्यामुळे फुलांचा पर्याय मला कधी अती वाटला नाही.

मधली_सुट्टी (मंगळवार, रात्री ९:२८)

कंदी_पेढा, धन्यवाद. माझंही मत आता तसंच आहे.

कोपरखळी (मंगळवार, रात्री १०:४०)

सगळ्यांचे आभार. कोपऱ्यातून सुरुवात करतोय, फरक लगेच जाणवला. आजच्या डावात इथे अडकलो. डावीकडे भिंत आहे, वरचं सगळं उघडं आहे, उजवीकडे ही ओळ अशीच पुढे जाते:

१ १ २ २ २ १
? ? ? ? ? ?

मला ह्यात फक्त तिसरं घर सुरक्षित दिसतंय. पुढच्या तीन २मध्ये डोकं चालेना.

चिंचगुळ (मंगळवार, रात्री १०:५५)

अहो, हे तर पूर्ण सुटतं! माउस सोडा, फक्त वाचा.

तिसरं मोकळं, हे तुम्ही काढलंत. आता वरचा तिसरा आकडा, म्हणजे पहिला २: तो दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या घराला शिवतो. तिसरं गेलं, उरली दोन घरं आणि हवेत दोन सुरुंग. म्हणजे दुसरं आणि चौथं दोन्ही सुरुंग. दुसरं सुरुंग ठरलं की भिंतीजवळचं पहिलं घर मोकळं. पुढचा २: तिसरं, चौथं, पाचवं. तिसरं मोकळं, म्हणून पाचवंही सुरुंग. शेवटचा २: चौथं, पाचवं, सहावं. दोन भरले, सहावं मोकळं. आणि शेवटचा १ला पाचवा मिळालाच, त्यामुळे सहाव्याच्या पुढचं सातवंही मोकळं.

सात घरांचा निकाल, अंदाज शून्य.

कोपरखळी (मंगळवार, रात्री ११:०१)

बाप रे. मी इथे नाणं उडवणार होतो.

चिंचगुळ (मंगळवार, रात्री ११:०६)

सुरक्षित घर सापडलं की लोक ते उघडायला धावतात आणि त्या घराने आणखी काय सिद्ध केलं ते बघतच नाहीत. "हे मोकळं" ही बातमी शेजारच्या प्रत्येक आकड्याला कळवून या. भिंतीपासून सुरू करा, कारण भिंतीजवळच्या आकड्याला घरं कमी शिवतात.

रटाळ (मंगळवार, रात्री ११:१५)

गंमत सोडून: हे वाचून मी पण एक डाव मांडला. उडालो. पण अभ्यासपूर्ण उडालो.

उत्तररात्र (बुधवार, पहाटे ४:३०)

(भारतात पहाट आहे, माझ्याकडे संध्याकाळ, गैरसमज नको.)

ह्या खेळाला गणितात मोठी प्रतिष्ठा आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या रिचर्ड के यांनी २००० साली सिद्ध केलं की माइनस्वीपर एनपी-कंप्लीट आहे, म्हणजे ज्यांचं उत्तर तपासणं सोपं पण सोडवायची झटपट पद्धत कुणालाच सापडलेली नाही अशा सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एक. अर्धवट उघडलेली चौकट दिली तर त्या आकड्यांशी जुळणारी सुरुंगांची एखादी तरी मांडणी शक्य आहे का, हा तो प्रश्न. त्यांनी माइनस्वीपरच्या चौकटीतच संगणकाच्या आत असतात तशा तारा आणि लॉजिक गेट बांधून दाखवले.

तात्या_कराडकर (बुधवार, सकाळी ७:१०)

म्हंजे हे सोडवलं तर गणितातल्या न सुटलेल्या प्रश्नावर लावलेलं ते दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळतंय का?

उत्तररात्र (बुधवार, सकाळी ७:३५)

तात्या, एक डाव सोडवून नाही. कितीही मोठी चौकट दिली तरी हा प्रश्न झटपट सोडवणारी एकच सर्वसाधारण पद्धत सापडली, किंवा अशी पद्धत असूच शकत नाही हे सिद्ध केलं, तर पी विरुद्ध एनपीचा (झटपट तपासता येणारं सगळं झटपट सोडवताही येतं का, ह्या प्रश्नाचा) निकाल लागला आणि बक्षीस तुमचं. आपली ३० बाय १६ची चौकट संगणकाला एरवी जड जात नाही.

२०११मध्ये आणखी एक निबंध आला, त्यात म्हटलंय की खेळणाऱ्यापुढचा खरा प्रश्न जरा वेगळा असतो. चौकट जुळते हे आपल्याला माहीतच असतं, आपल्याला हवं असतं की एखादं घर नक्की काय आहे. तोही सोपा नाहीच, त्याचा वर्ग को-एनपी-कंप्लीट, म्हणजे तितक्याच अवघड प्रश्नांचा जोडवर्ग.

तात्या_कराडकर (बुधवार, सकाळी ७:४०)

बरं. मी आपला गॉगलवर समाधानी हाय.

गणितवेडा (बुधवार, दुपारी १:०५)

धागा रुळावर आणतो. कोपरखळींचा अंदाजाचा प्रश्न राहिलाय, आणि माझ्या मते एक्स्पर्टमध्ये खरा फरक तिथेच पडतो.

दोन १ आहेत. पहिल्याला शिवणारी बंद घरं अ आणि ब. दुसऱ्याला शिवणारी ब आणि क. ब सामाईक. शक्यता दोनच: एकतर ब मध्ये एकच सुरुंग, तो दोघांना पुरतो. नाहीतर अ आणि क मध्ये एकेक. आता सांगा, ब सुरुंग असण्याची शक्यता किती?

बाराखडी (बुधवार, दुपारी १:१२)

दोनपैकी एक, म्हणजे अर्धी.

लगबग (बुधवार, दुपारी १:१३)

अर्धी नाही, पण सांगून मजा घालवत नाही.

गणितवेडा (बुधवार, दुपारी १:४०)

सगळे बाराखडीताईंसारखंच म्हणतात. पण दोन्ही मांडण्या सारख्या वजनाच्या नाहीत. पहिलीत इथे एक सुरुंग खर्च होतो, दुसरीत दोन. पहिलीत बाकीच्या चौकटीसाठी एक सुरुंग जास्त उरतो, आणि ते उरलेले सुरुंग बाहेर पसरवण्याचे मार्ग कितीतरी जास्त असतात. किती जास्त? एक्स्पर्टमध्ये सुरुंगांचं प्रमाण साधारण २० टक्के, मोकळ्यांचं ८०. म्हणजे एक सुरुंग कमी लागणारी मांडणी अंदाजे चौपट वजनदार. त्यामुळे ब सुरुंग असण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या जवळ, आणि अ किंवा क सुरुंग असण्याची फक्त २०च्या आसपास.

लांबच्या एखाद्या अनोळखी घरावर क्लिक केली तरी धोका तेवढाच, २० टक्के. मग अ का उघडायचं? कारण अ वाचलं तर ब सुरुंग आणि क मोकळं हे एकदम ठरतं, वर अ चा आकडाही हातात येतो. लांबचं घर वाचलं तर बहुतेकदा एक सुटा २ मिळतो आणि तुम्ही होता तिथेच.

तेव्हा बघायच्या गोष्टी दोन: कुठल्या मांडणीला कमी सुरुंग लागतात, आणि वाचलो तर हाती काय लागतं.

चिंचगुळ (बुधवार, दुपारी २:३०)

गणितवेडा, दंडवत. हे इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

आता शेवटच्या कोपऱ्याबद्दल माझं मत: खरा फिफ्टी-फिफ्टी दिसला की लगेच मारून मोकळं व्हा. पंधरा मिनिटं राबून शेवटी नाण्यावर मरण्यापेक्षा आधीच मेलेलं बरं.

गणितवेडा (बुधवार, दुपारी २:४८)

"खरा" ह्या शब्दावर अडतो. दोन बंद घरं आहेत. एकाला शिवणारा प्रत्येक उघडा आकडा दुसऱ्यालाही शिवतो, त्यांच्याभोवती भिंत किंवा पक्के सुरुंग आहेत, आणि दोन्ही मांडण्यांत सुरुंग सारखेच लागतात. ह्या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच तो खरा. मग कितीही थांबलात तरी नवी माहिती येणार नाही, तेव्हा चिंचगुळताईंचं बरोबर.

ह्यातली एक जरी अट अपुरी असेल तर थांबा. शेजारचं बंद घर पुढे उघडलं तर त्याचा आकडा निकाल लावेल. किंवा एका मांडणीला एक सुरुंग आणि दुसरीला दोन लागत असतील तर शेवटी वरचा उरलेल्या सुरुंगांचा काउंटर उत्तर देईल. काउंटरकडे शेवटच्या दहा सुरुंगांच्या आत लोक बघतच नाहीत, आणि तिथेच तो सगळ्यात कामाचा असतो.

लगबग (बुधवार, दुपारी ३:०२)

काउंटरसाठी मात्र झेंडे लावलेले हवेत, नाहीतर डोक्यात मोजा. मधली_सुट्टी, कशा करता?

मधली_सुट्टी (बुधवार, दुपारी ३:२०)

बोटांवर. शेवटच्या टप्प्यात झेंडे लावते, खोटं कशाला बोलू.

खिडकीची_सीट (बुधवार, संध्याकाळी ६:४०)

नशीब नकोच असेल तर सायमन टॅथमच्या कोड्यांच्या संचातला 'माइन्स' खेळा. (दूरच्या संगणकाशी जोडणारा पुट्टी हा प्रोग्राम लिहिणारे तेच हे. आयटीवाल्यांनी रोज वापरलेलं असतं.) तिथे चौकट बनवतानाच ती अंदाज न मारता सुटेल ह्याची खात्री केलेली असते. अडकलात तर दोष तुमचा, नशिबाचा नाही. फुकट आहे, फोनवरही चालतं.

लगबग (बुधवार, संध्याकाळी ६:५५)

माझा विरोध. अंदाज काढून टाकला की निम्मा खेळ गेला. धोका तोलणं हेही कौशल्यच आहे, वर गणितवेडांनी तेच तर दाखवलं.

चिंचगुळ (बुधवार, संध्याकाळी ७:३०)

खेळ म्हणून लगबग बरोबर, सराव म्हणून खिडकीची_सीट बरोबर. नेहमीच्या चौकटीत अडकलं की "इथे काही निघतच नसेल" अशी पळवाट असते. अंदाजरहित चौकटीत ती नाही, काहीतरी निघतंच हे ठाऊक असतं, म्हणून माणूस शोधत बसतो. नजर तिथे तयार होते. दोनेक आठवडे ते खेळून मग परत या.

कोपरखळी (गुरुवार, रात्री ११:२५)

आज सकाळच्या गाडीत एक एक्स्पर्ट डाव निघाला! घाटकोपरला शेवटचं घर उघडलं. मध्ये एकदा गणितवेडांच्या अ-ब-क सारखीच जागा आली होती, अ उघडलं आणि वाचलो. वेळ विचारू नका, सेकंदांचं घड्याळ ९९९वर जाऊन थांबलं होतं.

आता माझा चौथा प्रश्न, नशिबाचा. इतकं सगळं जमलं तर शंभरातले किती डाव निघायला हवेत?

गणितवेडा (गुरुवार, रात्री ११:५०)

अभिनंदन! पहिली क्लिक नुसती सुरक्षित असेल तर चांगल्यात चांगले संगणकी सॉल्व्हर (डाव सोडवणारे प्रोग्राम) सुद्धा एक्स्पर्टचे शंभरातले चाळीसच्या आसपासच डाव काढतात. पहिल्याच क्लिकला ० नक्की मिळणार असेल तर पन्नासच्या पुढे जातात. म्हणजे परिपूर्ण खेळूनही निम्मे डाव जाणारच. तुमचे शंभरातले दोन निघत असतील तर ते नशीब नाही, पंधरा-वीस निघायला लागले की मग नशिबाला बोल लावायचा हक्क मिळतो.

रटाळ (शुक्रवार, सकाळी ९:१०)

हक्क मिळेपर्यंत मी सरकारला बोल लावतो.

बाराखडी (शुक्रवार, सकाळी १०:०५)

मीही परत सुरू केलंय. एक अडचण: फोनवर झेंडा लावायला घर दाबून धरावं लागतं, गाडी हलली की बोट सुटतं आणि तेच घर उघडतं. सुरुंग ओळखलेला असतो आणि त्याच्यावरच मरते. काही उपाय?

मधली_सुट्टी (शुक्रवार, सकाळी १०:३०)

बहुतेक ॲपमध्ये खाली झेंडा आणि सुरुंग असं अदलाबदलीचं बटण असतं. ते झेंड्यावर ठेवायचं, म्हणजे साधा टॅप झेंडा लावतो आणि आकड्यावर टॅप केला की कॉर्डिंग होतं. जवळजवळ सगळा डाव असाच खेळता येतो, बटण फक्त सुट्या घरासाठी बदलायचं. ते नसेल तर सेटिंगमध्ये दाबून धरायचा वेळ कमी करा. आणि चौकट बोटाएवढी मोठी करून घ्या, बारीक घरांवर खेळू नका.

लगबग (शुक्रवार, सकाळी १०:४१)

किंवा माउस घ्या.